ओमानच्या वाळवंटात पाहुणे म्हणून जाताना: रीतिरिवाज, पोशाख आणि माझ्या हातून झालेली एक चूक

पाऊलवाट

नमस्कार मंडळी.

गेल्या जानेवारीत मी, माझे पती, सासूबाई आणि चौदा वर्षांची मुलगी असे आम्ही चौघे नऊ दिवस ओमानला जाऊन आलो. परतल्यापासून ओळखीतली तीन कुटुंबे तिकडचा बेत आखत आहेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: मुस्लिम देश आहे, वाळवंट आहे, तिथे काय घालायचे आणि काय चालत नाही? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर कपड्यांपाशी संपत नाही, हे मला तिथे स्वतःच्या चुकीमुळे कळले. ती चूक सविस्तर लिहावी आणि ज्यांचे तिकडे वर्षानुवर्षे वास्तव्य झाले आहे त्यांच्याकडून माझी अर्धवट माहिती पुरी करून घ्यावी, अशा दोन हेतूंनी हा धागा काढत आहे.

ओमानचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ९ हजार ५०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढेच आहे. लोकसंख्या मात्र ५० लाखांच्या आसपास, आणि तीतही मोठा वाटा कामानिमित्त बाहेरून आलेल्यांचा. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी आणि शनिवारी असते. शुक्रवारी दुपारची नमाज होईपर्यंत बरीच दुकाने बंद राहतात, त्यामुळे त्या दिवसाचे नियोजन आधीच करावे. अपवाद निझवा शहरातल्या जनावरांच्या बाजाराचा, जो शुक्रवारी पहाटेच भरतो.

मस्कतची सुलतान काबूस ग्रँड मशीद आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिली. शुक्रवार सोडून इतर दिवशी सकाळी ८ ते ११ या वेळेत ती इतर धर्मीयांसाठी खुली असते. स्त्रियांनी डोके झाकावे, बाह्या मनगटापर्यंत आणि वस्त्र घोट्यापर्यंत असावे, असा तिथला नियम आहे. माझ्या मुलीच्या बाह्या कोपराखाली जेमतेम चार बोटे होत्या. दारावरच्या बाईंनी तिला नम्रपणे बाजूला घेतले, आम्ही तिथेच भाड्याने मिळणारा अबाया, म्हणजे पायघोळ झगा, घेतला आणि आत गेलो. २००१ साली खुल्या झालेल्या या वास्तूसाठी सुमारे ३ लाख टन वालुकाश्म भारतातून नेलेला आहे, आणि मुख्य प्रार्थनागृहातला ४,३४३ चौरस मीटरचा गालिचा इराणमधल्या विणकर स्त्रियांनी विणलेला आहे. त्या गालिच्यावर थेट पाय पडू नये म्हणून पाहुण्यांसाठी वेगळी पट्टी अंथरलेली असते. ती सोडून मध्येच छायाचित्रासाठी उभे राहणारे लोक पाहिले आणि वाईट वाटले, कारण सांगणारा सेवक दर वेळी तितक्याच शांतपणे तेच वाक्य म्हणत होता.

इथपर्यंत सगळे सोपे होते. नियम पाटीवर लिहिलेले होते, आम्ही ते पाळले. पुढची गोष्ट पाटी नसलेल्या जागेची आहे.

पाचव्या दिवशी आम्ही शर्किया वाळवंटाकडे निघालो. जुने नाव वहिबा वाळवंट. दक्षिणोत्तर सुमारे १८० किलोमीटर पसरलेल्या या पट्ट्यात काही टेकाडे १०० मीटरपर्यंत उंच आहेत. आमच्या गाडीचे चालक त्याच भागातले होते, आणि त्यांनी आपण होऊन बिदिया गावाजवळच्या एका नातेवाइकाच्या घरी आम्हाला नेले. तो पर्यटकांसाठी मांडलेला कार्यक्रम नव्हता. खजुराच्या झावळ्यांनी शाकारलेली बैठक, जमिनीवर गालिचे, कडेने लोड, आणि दारात काढून ठेवलेल्या वहाणा. घरधन्याचे वय साठीच्या पुढचे असावे. वडिलांच्या उपचारांसाठी ते पूर्वी दोन महिने मुंबईत राहिले होते आणि त्यांना चांगले हिंदी बोलता येत होते. त्यांनी दादरच्या फुलबाजाराची चौकशी केली तेव्हा सासूबाईंचा चेहरा उजळला.

माझी चूक त्या हिंदीत दडलेली होती. परक्या भाषेत बोलावे लागले असते तर मी जपून वागले असते. आपली भाषा कानावर पडली, आणि आपण परक्या घरात बसलो आहोत याचे भान माझ्या नकळत सुटले.

कॉफी आणि खजूर झाल्यावर घरातल्या स्त्रियांनी आम्हा तिघींना आतल्या बाजूला बोलावले. तिथे घरधन्यांच्या वृद्ध आई बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या भागातल्या बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातींच्या, स्त्रिया वापरतात तो, नाकावरून उभी कड येणारा, ताठ कापडाचा बुरखा होता. त्या हातातल्या चातीवर बकरीच्या केसांचे सूत कातत होत्या. दंडाशी गुंडाळलेला काळा-करडा केसांचा पेळू, चिमटीतून सुटणारा धागा, मांडीवर चाती फिरवण्याचा तो एक झटका. इतके सुंदर दृश्य होते की मी विचार न करता फोन उचलला आणि छायाचित्र घेतले.

चाती थांबली. सून ओढणी तोंडावर ओढून भिंतीकडे वळली. कोणी काहीही बोलले नाही. माझ्या लक्षात येण्याआधी सासूबाईंच्या लक्षात आले आणि त्या हलकेच म्हणाल्या, "अगं, त्यांना विचारलंस का?"

मी आजींच्या पुढ्यात जाऊन बसले, ते छायाचित्र त्यांना दाखवले आणि त्यांच्यासमोरच पुसून टाकले. त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला, बोटाने मागची दोन छायाचित्रे सरकवून पाहिली, खात्री करून घेतली, तो माझ्या हातात परत दिला आणि पुन्हा चाती उचलली. थोड्या वेळाने खजुराची ताटली माझ्या बाजूला सरकवली. रागावल्याचे कोणतेही चिन्ह नव्हते, आणि म्हणूनच मला अधिक लागले.

आता माझ्या शंका. कॉफी संपली की घरधनी लगेच पेला पुन्हा भरत होते. नको म्हणणे अपमानाचे होईल या भीतीने सासूबाईंनी पाच पेले घेतले आणि रात्रभर त्यांना पित्ताचा त्रास झाला. नको असल्याचे सांगण्याची रीत कोणती? दुसरे, शेवटी मातीच्या धुपाटण्यात सुगंधी धूर करून तो प्रत्येकापुढे फिरवला गेला. तो स्वागताचा भाग समजून आम्ही पुढे आणखी अर्धा तास आनंदाने गप्पा मारत बसलो. त्याचा काही विशेष अर्थ असतो का?

---

खाडीकाठ

पाऊलवाट ताई, लेख मनापासून आवडला. मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला कोकणी मुसलमान. आमच्या गावातले निम्मे घर आखातात असते असे म्हटले तरी चालेल. मी स्वतः सतरा वर्षे मस्कतमध्ये नोकरी केली, त्यामुळे तुमच्या दोन्ही शंकांची उत्तरे देऊ शकतो.

कॉफीला तिथे कहवा म्हणतात. ती बिनदुधाची आणि बिनसाखरेची असते आणि तिच्यात वेलदोडा घातलेला असतो, गोडवा खजुराचा. वाढणारा दल्ला, म्हणजे लांब चोचीची किटली, डाव्या हातात धरतो आणि उजव्या हाताने फिंजान, म्हणजे बिनकानाचा छोटा पेला, पुढे करतो. पाहुण्याने तो उजव्याच हाताने घ्यावा. पेला कधीही काठोकाठ भरत नाहीत, तळाशी थोडीच कॉफी ओततात. काठोकाठ भरणे हे "घ्या आणि निघा" असे सांगण्यासारखे मानले जाते. पुरे झाले की पेला परत देताना तो बोटांत धरून मनगटातून दोन-तीनदा हलकेच हलवायचा. एवढीच खूण. तोंडाने नाही म्हटले तर तो शिष्टाचाराचा नकार समजून ते पुन्हा ओततील. एक पेला घेणे हा यजमानाचा मान, तीनपर्यंत घेणे सर्वमान्य. त्यापुढे तुमची इच्छा. सासूबाईंना पहिल्या पेल्यानंतरच थांबता आले असते आणि कोणालाही गैर वाटले नसते. या कॉफीच्या परंपरेची नोंद ओमान, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि कतार या चार देशांच्या नावे २०१५ साली युनेस्कोच्या वारसा यादीत झाली आहे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण पुढच्या प्रवाशांसाठी लिहितो. घर सुगंधित राहावे म्हणून धूप एरवीही जाळतात. परंतु जेवण आणि कॉफी झाल्यावर धुपाटणे पाहुण्यांच्या हाती फिरू लागले, की बैठक संपत आली असे समजावे. अरबीत म्हणच आहे, "मा बाद अल-ऊद कुऊद", म्हणजे ऊद फिरल्यावर बसणे नाही. पाहुण्याने धूर कपड्यांवर घ्यावा, दोन शब्द आभाराचे बोलावेत आणि उठावे. यजमानांनी तुम्हाला ते जाणवू दिले नाही, यात त्यांचा मोठेपणा आहे.

---

पाऊलवाट

खाडीकाठ, वाचून खरोखर ओशाळले. आणि गंमत अशी नाही की ही रीत आपल्याला अपरिचित आहे. आमच्या माहेरी समारंभाच्या शेवटी अत्तर, गुलाबपाणी आणि पानसुपारी फिरली की मंडळी आपोआप उठायला लागत. कोणी "आता निघा" असे सांगत नसे. समोर तेच चालले होते आणि मला ओळखता आले नाही. सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं, पण तू बोलत होतीस."

---

कातळ

लेख प्रामाणिक आहे, तरीही एक मुद्दा मांडावासा वाटतो. आपण दुसऱ्या देशात जातो, तिथे पैसे खर्च करतो. त्यांच्या कायद्याचे पालन करणे समजू शकतो. परंतु स्त्रीने अमुक झाकावे, परपुरुषाशी हस्तांदोलन करू नये, या गोष्टी आपल्या मूल्यांच्या विरोधात असतील तर त्या केवळ "रिवाज" म्हणून स्वीकारणे म्हणजे त्या बंधनांना मान्यता देणे नव्हे काय? आपल्या मुलीला आपण काय शिकवतो, हा माझा खरा प्रश्न आहे.

---

गवाक्ष

कातळ, तुमचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण मस्कतमध्ये वास्तुविशारद म्हणून काम करताना पहिली दोन वर्षे तो माझ्याही मनात रोज येत असे.

तीन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतील. पहिली म्हणजे प्रार्थनास्थळ. तिथले नियम पुरुषांनाही आहेत. अर्ध्या चड्डीत आलेल्या पुरुषाला मशिदीत सोडत नाहीत. गोव्यातल्या अनेक देवळांच्या दारावर खांदे आणि गुडघे झाकण्याबाबतची पाटी असते आणि परदेशी पाहुण्यांनी ती पाळावी अशीच आपली अपेक्षा असते. दुसरी गोष्ट सार्वजनिक जागा. ओमानमध्ये परदेशी स्त्रीने रस्त्यावर डोके झाकावे अशी सक्ती नाही, तशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे सैल, सुती कपडे पुरतात, आणि त्या उन्हात ते शरीराच्याच सोयीचे असतात. आपला सलवार-कमीज तिथे कुठेही चालतो, साडीकडे कोणी वळून पाहत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे कोणाचे घर. तिथे मी पाहुणी असते आणि घराचा नियम मानते.

हस्तांदोलनाबद्दल सांगायचे तर बंधन जितके स्त्रीवर आहे तितकेच पुरुषावर आहे. स्त्रीने आधी हात पुढे केला नाही तर तो आपला उजवा हात छातीवर ठेवून किंचित झुकतो. मला तो नमस्काराइतकाच सुंदर वाटत आला आहे. माझ्या कार्यालयात ओमानी स्त्री अभियंत्या होत्या. त्यांपैकी दोघी सगळ्यांशी हस्तांदोलन करत, एक करत नसे, आणि तिघीही बैठकीत आपले म्हणणे ठामपणे मांडत. कोणती स्त्री कुठे बांधलेली आहे हे मी विमानतळावरून बाहेर पडतानाच ठरवले असते, तर त्या तिघींपैकी एकीचीही मला ओळख झाली नसती. त्या समाजात स्त्रियांचे प्रश्न आहेत आणि त्यांची चर्चा तिथल्या स्त्रिया करतातही. कोणी नऊ दिवसांसाठी येऊन बाह्या आखूड ठेवल्याने त्यांच्या चर्चेत काही भर पडत नाही, असे माझे मत आहे.

---

कातळ

घर आणि सार्वजनिक जागा यांतला फरक पटला. कायद्याचा दबाव असलेल्या देशांबाबत माझा आक्षेप कायम आहे, पण तो या धाग्याचा विषय नाही, म्हणून थांबतो.

---

जुनी_नाणी

धागाकर्तीने हिंदीमुळे भान सुटल्याचे लिहिले आहे, ते निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यामागे मोठा इतिहास आहे.

मस्कतच्या बंदरात भारतीय व्यापारी शतकानुशतके राहत आले आहेत, त्यांत कच्छचे भाटिया प्रमुख. पोर्तुगीजांनी मस्कत १५०७ साली घेतले आणि गोवा १५१० साली. दोन्ही मोहिमांचा सेनानी एकच, अफोन्सो दि अल्बुकर्क. जुन्या मस्कतच्या बंदरावर जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले समोरासमोर दिसतात, ते पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले. १६५० साली ओमानींनी त्यांना तिथून घालवले. पुढे विसाव्या शतकात तर तिथे चलनच आपले होते. आखातासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ साली वेगळा रुपया काढला आणि ओमानमध्ये तो १९७० पर्यंत चालला. आजही एका रियालाचे १,००० बैसा होतात, आणि बैसा हा शब्द आपल्या पैशावरूनच आलेला आहे. सत्तरीपुढच्या ओमानी गृहस्थाला रुपये आठवतात, ते यामुळे.

जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ मोतीश्वर महादेवाचे मंदिर आहे आणि दारसैत येथे कृष्णमंदिर. दोन्हीकडे नित्य पूजा चालते. तेव्हा सासूबाईंचे कुंकू, मंगळसूत्र, उपास यांची चिंता कोणीही करू नये. चिंता उलट बाजूने करावी. इतके ओळखीचे वाटणारे ठिकाण असल्यामुळे आपण मस्कतमधल्या मत्रहच्या बाजारात मोठ्याने हाका मारतो, दुकानदाराला अरेतुरे करतो, कोणत्याही दारातून आत डोकावतो. त्याच बाजाराला लागून सूर अल-लवातिया ही लवाती समाजाची तटबंद वस्ती आहे. तिच्या वेशीतून बाहेरच्याने परवानगीशिवाय आत जाऊ नये. दार उघडे दिसते, एवढ्यावरून पुष्कळ पर्यटक आत शिरू पाहतात.

---

तिखटमीठ

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. बदू घरात जेवायला बसवले आणि समोर बकऱ्याचे मांस आले तर काय करावे? आणि रमझानमध्ये जाणे योग्य ठरेल का? आम्हाला त्याच काळात स्वस्त तिकिटे मिळत आहेत.

---

खाडीकाठ

तिखटमीठ, शाकाहाराचे आधीच सांगून ठेवावे, चालकाकरवी किंवा फोनवरून. ऐन ताटावर सांगितले तर यजमान खरोखर कष्टी होतात, कारण पाहुण्याला उपाशी ठेवल्याची बोच त्यांना राहते. भारतीय माणूस मांस खात नसेल हे त्यांना पूर्ण ठाऊक असते. भात, डाळ, दही, खजूर आणि फळे सहज मिळतात. बहुधा मोठ्या एका थाळ्यात सगळे मिळून उजव्या हाताने जेवतात आणि प्रत्येक जण आपल्या समोरच्या भागातलेच घेतो. दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही. यजमान चांगला घास उचलून तुमच्या बाजूला ठेवील, तो मान असतो.

रमझानबद्दल. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत सार्वजनिक ठिकाणी खाणे, पिणे, धूम्रपान करणे याला कायद्यानेही मनाई आहे आणि ती परधर्मीयांनाही लागू आहे. गाडीत बसून पाणी पिणे हेही सार्वजनिक ठिकाणीच धरले जाऊ शकते. दिवसा बरीच उपाहारगृहे बंद असतात, कार्यालयांच्या वेळा कमी होतात. लहान मुले किंवा मधुमेही माणूस बरोबर असेल तर मी तो काळ टाळायला सांगेन. केवळ मोठी माणसे असतील तर मात्र अवश्य जा. संध्याकाळी रस्त्याकडेच्या मशिदीपाशी खजूर आणि ताक घेऊन बसलेले लोक तुम्हाला हाताला धरून बसवून घेतील. तिकीट काढण्यापूर्वी त्या वर्षीच्या तारखा पाहाव्यात, कारण चांद्र वर्षामुळे रमझान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो.

आणखी एक. प्रवासात चालकाने नमाजेसाठी गाडी थांबवली तर घड्याळ पाहू नये. पाच-दहा मिनिटांचाच प्रश्न असतो; प्रवाशाला नमाज संक्षिप्त करण्याची आणि दोन वेळच्या एकत्र पढण्याची सवलत धर्मानेच दिलेली आहे. नमाज चालू असताना त्या माणसाच्या समोरून जाऊ नये, मागून जावे. मूल आवडले तर कौतुक करताना "माशाअल्लाह" म्हणावे. आपल्याकडे कौतुक झाले की आजी मीठमोहऱ्या ओवाळते, तीच भावना आहे.

---

रानवाट

वाळू आणि पाणी या दोन गोष्टींविषयी लिहितो, कारण तिथल्या माणसांइतकेच तिथल्या निसर्गाचेही शिष्टाचार आहेत.

वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधली हवा कमी करावी लागते. डांबरी रस्त्यावरचा ३५ पीएसआयचा दाब साधारण १५ ते १८ पर्यंत उतरवतात. कडेच्या गावांत हे करून देणारी दुकाने आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वतः गाडी घालू नये आणि एकट्या गाडीने तर मुळीच जाऊ नये. रस्त्यात दिसणारा प्रत्येक उंट कोणाच्या तरी मालकीचा असतो, मोकळा फिरताना दिसला तरी. हॉर्न वाजवून त्याला पळवू नये, थांबून जाऊ द्यावे. रात्री उंटांमुळे मोठे अपघात होतात.

पाण्याविषयी अधिक सांगावेसे वाटते. निझवा, बिरकत अल-मौझ अशा गावांतून वाहणाऱ्या पाटांना फलज म्हणतात. त्यांपैकी पाच २००६ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. भूगर्भातले किंवा झऱ्याचे पाणी केवळ उतारावर, पंपाशिवाय, कित्येक किलोमीटर आणलेले असते. गावात पाणी पोहोचते तिथे पहिली जागा पिण्याचे पाणी भरण्याची. मग मशिदीत वजूसाठी, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुण्यासाठी, मग स्नानाच्या जागा, स्त्रियांच्या वेगळ्या आणि पुरुषांच्या वेगळ्या, आणि शेवटी खजुराच्या बागा. बागांची पाळी वेळेनुसार ठरलेली असते. पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ती मोजत. कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणालाही पाण्याची पाळी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही. पर्यटक मात्र पाट दिसला की वरच्या अंगाला पाय सोडून बसतात. त्याखाली कोणीतरी घागर भरत असते. मुलांनी एकदा मला हातवारे करून खालच्या बाजूला जायला सांगितले होते आणि त्यांचे बरोबर होते.

वादी म्हणजे डोंगरातली नदीची दरी. वादी बनी खालिद किंवा वादी शाब येथे पोहता येते, पण गावकरी कुटुंबासह तिथे येतात. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत झाकणारे कपडे घालूनच पाण्यात उतरावे. आणि ढग दिसले तर वादीत पाऊलही ठेवू नये, दूरच्या डोंगरातला पाऊस तिथे काही मिनिटांत लोंढा होऊन येतो.

---

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. रानवाट, निझवाजवळ आम्ही नेमके वरच्या अंगालाच बसलो होतो की काय, हे आता जुनी छायाचित्रे काढून पाहते आहे.

छायाचित्रांचाच विषय निघाला म्हणून लिहिते. पुढच्या चार दिवसांत मी फोन उचलण्यापूर्वी प्रत्येक वेळी विचारले. निझवाच्या बाजारात बकऱ्या घेऊन गोल फिरणाऱ्या पुरुषांनी हसून होकार दिला, काहींनी तर कमरेचा खंजर नीट करून घेतला. स्त्रियांना विचारले तेव्हा बहुतेकींनी हात हलवून नको म्हटले. एकीने स्वतःचे नको पण तिने विणलेल्या पट्ट्याचे घे असे सांगितले आणि तो उन्हात नीट पसरून धरला. तेच एक छायाचित्र आज आमच्या बैठकीच्या खोलीत लावले आहे. त्यात फक्त तिची मेंदी लावलेली बोटे दिसतात, आणि तीही तिला दाखवून, विचारून ठेवली आहेत.

शेवटची विनंती खाडीकाठ यांना. येत्या नोव्हेंबरात आम्ही दोघे पुन्हा जाणार आहोत आणि चालकाकरवी त्या घरी निरोप पोहोचला आहे. त्या आजींसाठी काय न्यावे? पैसे देणे तर शक्यच नाही, हे आता कळते.

---

खाडीकाठ

पैसे नकोतच. मिठाई नेणार असाल तर जिलेटिनची किंवा मद्यार्क घातलेली नको. पण माझे ऐकाल तर चांगला हिरवा, टपोरा वेलदोडा न्या, नीट बंद केलेल्या पाकिटात. कहव्यात तो रोज लागतो, भारतातल्या वेलदोड्याची त्यांना कदर आहे आणि घरातल्या प्रत्येक पेल्यात तुमची आठवण राहील. तो आजींच्या हातात द्यायचा असेल तर तुम्हीच द्या, पतींनी घरधन्यांकडे द्यावा.

---

पाऊलवाट

अर्धा किलो पुरेल का?

---

खाडीकाठ

पाव किलो पुरे. आपल्याकडे शेजारणीचे भांडे रिकामे परत पाठवत नाहीत ना, तसेच तिथेही आहे. तुम्ही अर्धा किलो न्याल तर त्यांना त्याहून मोठे काहीतरी द्यावेसे वाटेल आणि त्या देतीलच. परतीच्या सामानात खजुराच्या एका डब्याची जागा मात्र आतापासून राखून ठेवा.